गाठ दोन नियमांची

पुढच्या पानांत फॅनफिक्शनच्या कल्पना आहेत, आणि त्याही एका विशिष्ट जातीच्या. प्रत्येक कल्पनेत दोन मांगा-मालिका एकत्र आणल्या आहेत, आणि निवडताना त्या दोघींचं सहजासहजी जमणार नाही याची काळजी घेतली आहे. ‘डोरेमॉन’च्या घरात ‘डेथ नोट’ची वही येते. तेझुकांच्या ‘बुद्ध’ची गाठ वायकिंगांच्या ‘विनलँड सागा’शी पडते. टोकियोत एकटा जेवणारा एक व्यापारी ‘अटॅक ऑन टायटन’च्या तटबंदीआड पोचतो. हा सगळा चावटपणा आहे असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. फॅनफिकची सुरुवात बहुतेकदा चावटपणातूनच होते. प्रश्न एवढाच, की पहिलं हसू ओसरल्यावर हातात काही उरतं का.

उरतं, पण एका अटीवर. दोन मालिकांतली पात्रं समोरासमोर आणून उभी केली की नुसती गर्दी होते. प्रत्येक चांगली मालिका कुठल्या तरी नियमावर चालत असते. तो नियम बहुतेक वेळा कुठल्याच पानावर लिहिलेला नसतो, पण मोडला की वाचकाला लगेच खटकतं. ‘डिटेक्टिव्ह कॉनन’मध्ये सत्य सापडतंच, कितीही दडवलं तरी. ‘ल्युपाँ थर्ड’मध्ये चोर निसटतोच, कितीही घेरला तरी. २००९ साली या दोघांना एकत्र आणणारा टीव्ही-चित्रपट जपानमध्ये आला, तेव्हा खरी गंमत दोन लोकप्रिय चेहरे एका पडद्यावर दिसण्यात नव्हती. एका म्यानात या दोन तलवारी बसवायच्या कशा, ही होती. कॉननने चोराला पकडलं तर ल्युपाँ संपतो, आणि ल्युपाँने त्याला सरळ फसवलं तर कॉनन संपतो. क्रॉसओव्हर लिहिणाऱ्याने आपली गोष्ट अशा अडचणीत शोधावी, एवढंच मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. महाभारताच्या वनपर्वात सौगंधिक फुलं आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेत एक म्हातारं वानर शेपूट पसरून पडलेलं असतं, आणि भीमाला ती शेपूट हलत नाही. रामायणातला हनुमान महाभारतात येतो तो ताकद दाखवायला नव्हे. भीमाच्या जगात बळावर प्रश्न सुटतात, आणि तिथेच ते बळ पहिल्यांदा निरुपयोगी ठरतं. पुढे हनुमान त्याला युगायुगांचे धर्म कसे बदलत गेले ते सांगतो. दोन महाकाव्यांमधलं अंतर कथेनेच असं मान्य केलं आहे.

जपानी मांगात ही सवय सुरुवातीपासूनची आहे. ओसामु तेझुका आपल्या पात्रांना नटांसारखं वागवत. हिगेओयाजी हा मिशाळ गृहस्थ त्यांच्या एका मालिकेत गुप्तहेर, दुसरीत शिक्षक, तिसरीत आणखी कुणी होऊन येतो, आणि वाचक त्याला जुना ओळखीचा म्हणून स्वीकारतो. गो नागाईंच्या दोन मालिकांमधला यंत्रमानव आणि सैतान-मानव १९७३ च्या ‘माझिंगर झेड विरुद्ध डेव्हिलमन’ या छोट्या चित्रपटात एकत्र आले. तिथे एक साधी गोष्ट कळीची ठरली: माझिंगरला तोवर उडता येत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या जगात त्यावाचून काम भागत होतं. उडणाऱ्या दैत्यांच्या जगाशी गाठ पडल्यावर ती उणीव उघडी पडली. दुसरं जग आलं की पहिल्याची झाकलेली बाजू अशी दिसते.

चाहत्यांच्या हातात हा खेळ आला तो मुख्यतः दोजिन्शीतून, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढून, छापून विकलेल्या पुस्तिकांतून. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत पहिलं कॉमिक मार्केट भरलं, तेव्हा त्यात ३२ गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं. आज हेच मार्केट ‘कोमिके’ या नावाने वर्षातून दोनदा टोकियो बिग साइटच्या दालनांत भरतं आणि २०१९ च्या उन्हाळी-हिवाळी दोन्ही खेपांना हजेरी सात लाखांच्या वर गेली होती. ऐंशीच्या दशकात ‘कॅप्टन त्सुबासा’ आणि ‘सेंट सेया’ या मालिकांवरच्या पुस्तिकांनी तिथली टेबलं भरून गेली. ‘क्लॅम्प’ या नावाने पुढे गाजलेला स्त्री-चित्रकारांचा गट याच वातावरणातून वर आला. त्यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘त्सुबासा’ या मालिकेत स्वतःच्याच जुन्या मालिकांतली पात्रं वेगवेगळ्या जगांत नव्या आयुष्यांसह पुन्हा भेटतात. चाहत्यांची खोड पुढे व्यावसायिक कामात उतरते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मग प्रकाशकच क्रॉसओव्हर काढत असताना चाहत्यांनी वेगळे कशाला लिहायचे? कारण प्रकाशकाचे हात बांधलेले असतात. २००६ च्या अखेरीस ‘शोनेन जंप’मध्ये अकिरा तोरियामा आणि एइइचिरो ओदा यांनी मिळून ‘क्रॉस एपोक’ नावाची छोटी मांगा केली. ‘ड्रॅगन बॉल’ आणि ‘वन पीस’मधली मंडळी जोड्याजोड्यांनी शेनलाँग या ड्रॅगनच्या चहापानाला निघतात, वाटेत धमाल करतात, शेवटी सगळे एकत्र चहा पितात. वाचायला झकास आहे. पण त्यात कुणालाही काही गमवावं लागत नाही, आणि लागणारही नव्हतं, कारण पुढच्या अंकात ‘वन पीस’ होती तिथूनच चालू व्हायची होती. चाहत्याला तो जाच नाही. तो एखाद्या नायकाला हरवू शकतो, त्याची चूक पकडू शकतो, त्याला त्याच्या मालिकेने कधीच न विचारलेला प्रश्न विचारू शकतो. हे स्वातंत्र्य वापरायचंच नसेल, तर फॅनफिक लिहिण्यात फारसा अर्थ नाही.

आता एक कल्पना जरा जवळून पाहू. ‘डोरेमॉन’ निवडला, कारण मराठी घरांतल्या मुलांच्या निदान एका पिढीला तो टीव्हीवरच्या हिंदी डबिंगमधून तोंडपाठ आहे. फुजिको एफ. फुजिओ यांनी ही मांगा जानेवारी १९७० च्या अंकापासून शाळकरी मुलांच्या मासिकांत सुरू केली. तिचा नियम असा, की यंत्र कसलंही असो, गोंधळ कितीही होवो, संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत होतं. डोरेमॉन ज्याच्या घरी राहतो त्या नोबिताच्या टेबलाच्या खणात टाइम मशीन आहे ते याचसाठी. ‘डेथ नोट’चा नियम नेमका उलटा. त्सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता यांची ही मालिका २००३ ते २००६ या काळात आली. त्यात र्‍यूक नावाचा कंटाळलेला शिनिगामी, म्हणजे मृत्युदेव, आपली वही माणसांच्या जगात टाकतो, आणि ती लाइट यागामी या हुशार मुलाला सापडते. चेहरा डोळ्यांसमोर आणून तिच्यात नाव लिहिलं की ते माणूस मरतं, आणि एकदा लिहिलेलं काही केल्या फिरत नाही.

दोन्हींचा सांगाडा मात्र एकच आहे. एका मुलाला माणूस नसलेला सोबती मिळतो आणि त्याच्यासोबत एक अचाट वस्तू मिळते. फुजिओंनी तर लाइट यागामीचा प्रश्न सत्तरच्या दशकातच लहान मुलांसमोर ठेवला होता. ‘हुकूमशहाचं बटण’ या गोष्टीत नोबिताला नको असलेलं माणूस जगातून पुसून टाकणारं बटण मिळतं. त्याला मारणारा जियान नाहीसा होतो, तर त्याच्या जागी सुनिओ दादागिरी करायला हजर. होता होता अख्खं जग रिकामं होतं, आणि मग डोरेमॉन सांगतो की हे यंत्र हुकूमशहांनाच धडा शिकवायला बनवलेलं आहे. म्हणजे दोन मालिका वरून वेगळ्या, आतून सख्ख्या. अशी आतली जवळीक सापडल्याशिवाय जोडी ठरवू नये.

तर वही नोबिताच्या हाती लागते. सहा वर्षांखालच्या मुलाला ती द्यायची नाही असा नियम आहे. नोबिता दहा वर्षांचा आहे, म्हणजे कायद्याने अडचण नाही. जियानने बॅट हिसकावली, मार दिला, वर आपलं गाणं ऐकवलं. नोबिता रडत घरी येतो आणि रागाच्या भरात जियानचं पूर्ण नाव, गोदा ताकेशी, वहीत लिहितो. काहीच होत नाही. कारण नोबिताला ते नाव कांजी अक्षरांत नीट लिहिताच येत नाही.

इथे ‘डेथ नोट’मधलं एक बारीक कलम कामाला येतं. एखाद्याचं नाव चार वेळा चुकीचं लिहिलं गेलं, तर त्या माणसावर वहीचा पुन्हा कधीच असर होत नाही. पण जाणूनबुजून चार वेळा चुकवलं, तर लिहिणाराच मरतो. डोरेमॉनला हे कलम कळतं तेव्हा नोबिताच्या तीन चुका झालेल्या असतात. आता त्याने काय करावं? वही लपवली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी हाती पडेल, आणि त्याचं अक्षर चांगलं असेल. नोबिताला नियम सांगितला तर चौथी चूक मुद्दाम केलेली ठरेल. म्हणजे त्याला काहीही न सांगता, तो आपणहून, मनापासून प्रयत्न करून चुकेल याची वाट पाहायची. ज्याला नोबिताला सुधारायला भविष्यातून पाठवलंय, त्याच्यावर नोबिता अजून एकदा नापास होवो म्हणून देव पाण्यात घालून बसायची वेळ येते. त्यात शेजारचा हुशार देकिसुगी कांजीची उजळणी करून द्यायला तयार. नोबिता पाठांतर करून देणारा तो जादूचा पाव मागतो, आणि डोरेमॉन पहिल्यांदाच खिशातली वस्तू असून नाही म्हणतो. र्‍यूक कोपऱ्यात सफरचंद खात हे सगळं बघतोय; त्याला इतकी मजा लाइटकडेही आली नसती.

चौथ्यांदाही नाव चुकतं. जियान वाचतो, आपण कशातून वाचलो हे त्याला कधीच कळत नाही, नोबिता कशातून वाचला हे नोबितालाही कळत नाही. दोन्ही नियम शाबूत राहतात. संध्याकाळी सगळं पूर्ववत आहे, आणि वहीतलं एकही कलम मोडलेलं नाही. या गोष्टीत लाइट यागामी एकदाही दिसत नाही, तरी तीत ‘डेथ नोट’ पुरेपूर आहे. देशात पहिल्या येणाऱ्या मुलाने जी वही अचूक वापरली, ती शून्य मार्कांच्या मुलाने निकामी केली. हे विधान दोन्हींपैकी एकटी मालिका करू शकली नसती.

दुसरी जोडी वेगळ्या कारणाने अवघड आहे. तेझुकांची ‘बुद्ध’ १९७२ ते १९८३ या काळातली, कपिलवस्तूपासून मगधापर्यंत फिरणारी. माकोतो युकिमुरांची ‘विनलँड सागा’ २००५ मध्ये सुरू झाली आणि अकराव्या शतकातल्या उत्तर युरोपात घडते. मध्ये दीड हजार वर्षं आणि अर्धी पृथ्वी. टाइम मशीन काढलं तर दोन्ही मालिकांची इभ्रत जाईल. पण इतिहासानेच एक दुवा ठेवला आहे. स्वीडनमधल्या हेल्यो बेटावर १९५० च्या दशकातल्या उत्खननात साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास उंचीची एक काशाची बुद्धमूर्ती सापडली. ती सहाव्या शतकात भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडवलेली मानतात. म्हणजे उत्तरेकडच्या माणसांच्या हाताला बुद्ध लागला होता, नाव न कळता.

तशीच एक मूर्ती ‘विनलँड सागा’च्या नायकाच्या, थोरफिनच्या हाती दिली की पुरे. सूडापायी तरुणपण घालवलेला हा माणूस पुढे तलवार टाकतो, राजाची भेट मिळावी म्हणून शंभर ठोसे खातो आणि उलटून हात उचलत नाही. ‘बुद्ध’ची सुरुवात होते ती उपाशी म्हाताऱ्यासाठी स्वतः आगीत उडी घेणाऱ्या सशापासून. तेझुकांचा नियम असा, की सगळे जीव एका धाग्यात ओवलेले आहेत, म्हणून स्वतःला देऊन टाकता येतं. युकिमुरांच्या जगात असा धागा कुणी दाखवलेला नाही. थोरफिनला अहिंसा केवळ पश्चात्तापाच्या जोरावर रेटायची आहे. मूर्ती बोलत नाही, चमत्कार करत नाही. प्रश्न असा उरतो, की या वाटेवर कुणी तरी आधी चालून गेलंय हे कळल्याने चालणं सोपं होतं की आपलं एकट्याचं काही उरत नाही? पुढे काय होतं ते मी पुस्तकातही पूर्ण सांगितलेलं नाही.

हलक्याफुलक्या जोड्याही आहेत. मासायुकी कुसुमी आणि जिरो तानिगुची यांच्या ‘कोदोकु नो गुरुमे’चा नायक गोरो इनोगाशिरा परदेशी मालाचा व्यापारी आहे. तो एकटा फिरतो, एकटा जेवतो, आणि ताटातल्या प्रत्येक पदार्थाकडे मन लावून बघतो. हाजिमे इसायामांच्या ‘अटॅक ऑन टायटन’मधले राक्षस माणसं खातात, पण त्यांना भूक नाही, पोटात पचवायची सोय नाही, शेवटी सगळं ओकून टाकतात. खाणं एकच, एकाच्या लेखी सगळ्यात खाजगी सुख आणि दुसऱ्याच्या लेखी निव्वळ हालचाल. तटाआड मांसाची टंचाई आहे आणि कवायतीच्या रांगेत उकडलेला बटाटा खाणारी साशा आहे. गोरोने तिच्याशी वाटून जेवायचं की नाही, एवढाच या गोष्टीतला पेच. एकट्या जेवणाऱ्याला तो पुरेसा मोठा आहे.

‘योत्सुबा’ आणि ‘बर्सर्क’ ही जोडी मात्र हात पोळणारी आहे, आणि नवखे नेमके तिथेच धावतात. कियोहिको अझुमांच्या योत्सुबाच्या जगात वाईट काही घडतच नाही. केंतारो मिउरांच्या गट्सच्या मानेवरचा डाग रोज रात्री पिशाच्चांना बोलावतो. योत्सुबाला इजा झाली तर ती योत्सुबा राहत नाही. गट्सला शांती मिळाली तर तो गट्स राहत नाही. वाट एकच दिसते. पिशाच्चं रात्री येतात आणि योत्सुबाचं प्रकरण बहुधा एका दिवसात आटोपतं. तेव्हा गट्स उन्हं कलायच्या आत निघून गेला पाहिजे, आणि इतक्या लवकर का, हे त्याने त्या मुलीला सांगता कामा नये. छोटा वनशॉट, म्हणजे एका भागात संपणारी गोष्ट, होईल. त्याहून लांबवलं की बिघडलं.

‘दोघांत कोण जिंकेल?’ हा प्रश्न मी जाणूनबुजून टाळला आहे. त्याचं उत्तर लिहिणाऱ्याच्या आवडीवर ठरतं, गोष्टीवर नाही. पात्र ओओसी होणं, म्हणजे आपल्या स्वभावाबाहेर वागणं, हेही बहुतेकदा याच प्रश्नापायी घडतं. कॅननचा, म्हणजे अधिकृत गोष्टीचा, बाऊ करू नये हे खरं. मे २०२१ मध्ये मिउरा गेले, आणि पुढच्या वर्षापासून ‘बर्सर्क’ चालू आहे ती त्यांचे शाळेपासूनचे मित्र कोजी मोरी यांनी मिउरांकडून ऐकलेल्या कथेच्या आठवणीवर, त्यांच्या स्टुडिओतल्या शिष्यांच्या हातून. अधिकृत गोष्टही कधी कधी अशी कुणीतरी लक्षात ठेवलेली गोष्ट असते. पण मोरींनी ती नीट ऐकली होती. चाहत्याकडूनही एवढी अपेक्षा आहे.

थोडं कायद्याविषयी. जपानमध्ये दोजिन्शी बऱ्याच अंशी मालकांच्या कानाडोळ्यावर चालते. तक्रार झाली नाही तर सहसा कारवाई होत नाही. पण त्या कानाडोळ्यालाही मर्यादा आहे. २००५ साली एका चाहत्याने ‘डोरेमॉन’चा शेवटचा भाग म्हणून पुस्तिका काढली: बॅटरी संपलेला डोरेमॉन, आणि त्याला परत जागं करायला शास्त्रज्ञ झालेला नोबिता. १३,००० च्या आसपास प्रती खपल्या. मुखपृष्ठापासून चित्रांपर्यंत ती इतकी हुबेहूब होती, की अनेकांना ती खरीच वाटली. प्रकाशकाने हरकत घेतली, आणि २००७ मध्ये त्या चाहत्याने माफी मागून नफ्यातला वाटा दिला. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे आणि चाहता आहे म्हणून त्यातून वेगळी सूट मिळत नाही. मूळ निर्मात्यांची नावं ठळक द्यावीत, आपलं लेखन त्यांचं म्हणून खपवू नये, आणि त्यावर पैसे कमवायला जाऊ नये.

पुढची प्रकरणं एकाच साच्यात आहेत. आधी पहिल्या मालिकेचा नियम एका वाक्यात, मग दुसरीचा, मग दोन्ही कुठे अडतात ती जागा, आणि शेवटी लिहिणाऱ्याने घ्यायचा एक निर्णय. तो निर्णय मी कुठेच घेतलेला नाही, ‘डोरेमॉन’चा अपवाद सोडता. नियम एका वाक्यात मांडणं वाटतं तितकं सोपं नाही. ‘डेथ नोट’चं कथासूत्र सगळ्यांना माहीत असतं, पण चार चुकांचं कलम ध्यानात राहतं ते सावकाश वाचणाऱ्याच्याच, आणि वरची सगळी गोष्ट त्या एका कलमावर उभी आहे. म्हणून ज्याला आपल्या आवडत्या मालिकेचा नियम सांगता येत नाही, त्याने लिहायची घाई करू नये. मालिका पुन्हा पहिल्या खंडापासून वाचायला घ्यावी. जोडीदार मालिका त्या वाचनातच सुचेल.